गादीवाल्याची टीम

दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात मी ओहायोमधल्या एका बायकांच्या प्रोफेशनल सॉफ्टबॉल टीमबरोबर काम केलं. ‘प्रोफेशनल’ हा शब्द त्या टीमचा मालक उठताबसता वापरायचा. पार्किंग प्रोफेशनल, पॉपकॉर्न प्रोफेशनल, मैदानावर फिरणारा कापडी अस्वलाचा पोशाख घातलेला माणूससुद्धा प्रोफेशनल. खेळाडूंना मात्र तो ‘माय गर्ल्स’ म्हणायचा. त्यातल्या निम्म्या तिशीला टेकलेल्या होत्या आणि एकीला दोन मुलं होती.

मालकाची गाद्यांची दुकानं होती. लोकल टीव्हीवरच्या जाहिरातीत तो स्वतः झोपायचे कपडे घालून गादीवर उड्या मारायचा आणि किमती ओरडायचा. त्याने टीम का घेतली हे मला पहिल्याच दिवशी कळलं. मैदानाच्या कुंपणावर सगळीकडे गाद्याच गाद्या होत्या, आणि युनिफॉर्मच्या पाठीवर जिथे खेळाडूचं नाव असतं तिथे दुकानाचं नाव छापलेलं होतं. बायका पळायला लागल्या की पाठीवरून दुकान पळायचं.

मी तेव्हा कोलंबसला मास्टर्स करत होते. अकोल्याला फिजिओथेरपी झाली, मग इथे खेळाडूंच्या दुखापतींचा दोन वर्षांचा कोर्स. त्यात एक उन्हाळा कुठल्यातरी टीमबरोबर काढावा लागायचा. वर्गातल्या बाकीच्यांनी फुटबॉलसाठी रांग लावली. मी सॉफ्टबॉल मागून घेतलं, कारण मी ते खेळले होते. अकोल्यात मुली सॉफ्टबॉल का खेळतात हे तिथल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात, आणि पुढे नोकरीत खेळाडूंचा कोटा असतो. आमचे सर हे उघडच सांगायचे. मुलांचं क्रिकेट संपलं की उरलेल्या उजेडात, पायाला सराटे टोचत, आम्ही प्रॅक्टिस करायचो. मी कॅचर होते, म्हणजे चेंडू फेकणारीच्या समोर बसून तो झेलणारी. युनिव्हर्सिटीपर्यंत पोचले आणि तिथे कळलं की खेळ मला खरंच आवडतो, गुण मिळोत न मिळोत. त्यामुळे ज्या देशातून हा खेळ आला त्या देशात, पगार घेऊन खेळणाऱ्या बायका कशा खेळतात ते बघायची मला फार हौस होती.

खेळायच्या उत्तमच. मी त्यांच्याबद्दल एक शब्द वाकडा बोलणार नाही. वाकडं बोलायचं ते बाकी सगळ्यांबद्दल.

टीमचं गाव कोलंबसला लागून असलेल्या डब्लिनपासून दीडेक तासावर होतं. काचेचा कारखाना बंद पडल्यापासून तिथे बघण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून गावाने मैदान स्वस्तात देऊन टाकलं होतं. ड्रेसिंगरूम शेजारच्या स्विमिंग पूलची होती. दुपारी तिथे शाळकरी पोरं ओले टॉवेल आपटत असायची आणि त्यांच्यामधून आमच्या खेळाडू बूट हातात घेऊन बाहेर पडायच्या. बर्फाचं मशीन ‘येतंय’ होतं. सीझन संपला तरी ते येतच होतं. मी रोज पेट्रोलपंपावरून पिशव्या आणायचे. खेळाडू गावातल्या कुटुंबांकडे राहायच्या. आमची शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मध्ये उभी राहणारी खेळाडू, एका दातांच्या डॉक्टरच्या बेसमेंटमध्ये राहायची आणि त्या बदल्यात सकाळी त्याची पोरं सांभाळायची. एका उत्कृष्ट खेळाडूला आपण फुकटात आया म्हणून वापरतोय याची त्या डॉक्टरला लाज वाटत नव्हती. उलट तो मॅचला येऊन तिच्याकडे बोट दाखवायचा आणि शेजारच्याला सांगायचा, ‘ही आमच्याकडे असते.’

माझा वरिष्ठ म्हणजे टीमचा मुख्य ट्रेनर. गावातल्या क्लिनिकने त्याला पाठवलेला. मॅच सुरू होताना यायचा, खेळाडूंकडे हात करायचा, आणि डगआउटच्या, म्हणजे खेळाडूंच्या बसायच्या जागेच्या, मागे जाऊन फोनवर घरं विकायचा. तो त्याचा जोडधंदा होता. पहिल्या आठवड्यात मी त्याला एका गुडघ्याबद्दल विचारलं तर म्हणाला, ‘तुला काय वाटतं?’ मला वाटलं परीक्षा घेतोय. मग लक्षात आलं की त्याला खरंच माहीत नव्हतं. त्यानंतर मी विचारणं सोडलं.

आता पिचरबद्दल. ती ओक्लाहोमाची, उंच, रुंद खांद्यांची. सीझन नसताना शाळेत गणित शिकवायची. सॉफ्टबॉलमध्ये पिचर हात पूर्ण गोल फिरवून खालून चेंडू फेकते, आणि ज्यांनी ते कधी जवळून पाहिलेलं नाही त्यांना वाटतं की खालून फेकलेला चेंडू म्हणजे लहान पोरांचा खेळ. तिचा चेंडू ग्लोव्हमध्ये बसला की माझ्या दातांना जाणवायचा. प्रॅक्टिसला दोनदा मी तिच्यासमोर कॅचर म्हणून बसले. दुसऱ्या दिवशी माझा तळवा सुजला. ती माझ्याकडे बघून म्हणाली, ‘तू खेळली आहेस.’ मी म्हटलं, ‘इंडियात.’ तिने ‘इंडियात सॉफ्टबॉल?’ वगैरे काही विचारलं नाही. ‘बोटं आत ठेव,’ एवढंच म्हणाली. मला ती तेवढ्यावरच आवडली.

तिचा खांदा पुढच्या बाजूने दुखायचा. बरीच वर्षं दुखत असावा. मी आणि तिने मिळून एक शिस्त ठरवली. आधी हात नीट गरम करायचा, दोन इनिंगच्या मध्ये त्यावर जाकीट घालायचं, फार वेळ बसायचं नाही, मॅचनंतर बर्फ. ती हे सगळं मुकाट्याने पाळायची. मुकाट्याने करायची तिला सवयच होती. दर शनिवारी मॅचच्या मध्येच मालकाची ‘गादीशर्यत’ असायची. चाकं लावलेल्या दोन गाद्या, त्यावर प्रेक्षकांतलं एकेक पोर, आणि युनिफॉर्मवर झोपायचे गाऊन चढवून त्या गाद्या ढकलत पळणाऱ्या आमच्या खेळाडू. लोक हसून लोळायचे. कोचबाई डोळे मिटून घ्यायच्या. एका शनिवारी मालकाने पिचरचंही नाव पुकारलं. मला वाटलं ही आता त्याच्या तोंडावर ग्लोव्ह फेकणार. तिने गाऊन घातला, गादी ढकलली, पहिली आली, गाऊनची घडी करून परत दिला आणि पुढच्या इनिंगला तीन बॅटर एकामागून एक बाद केल्या.

‘तू नाही का म्हणाली नाहीस?’ मी नंतर विचारलं.

‘नाही म्हटलं असतं तर दुसरीला ढकलायला लागली असती,’ ती म्हणाली.

मॅच नसेल त्या दिवशी मी डब्लिनला एका काका-काकूंकडे जायचे. ते माझे कुणी लागत नव्हते. काका मराठी मंडळाचे अध्यक्ष, एका मोठ्या कंपनीत मॅनेजर. नव्या स्टुडंट्सना जेवायला बोलावण्याच्या मंडळाच्या कार्यक्रमात आमची ओळख झाली. पहिल्या दिवशी काकांनी माझं आडनाव विचारलं. ऐकल्यावर पुन्हा विचारलं. त्यानंतर त्यांचा आवाज जरा जास्तच प्रेमळ झाला, आणि ‘आम्ही हे सगळं मानत नाही हं’ असं ते न विचारताच म्हणाले. मी काय मानते ते त्यांनी विचारलं नाही. काकूंचा गुडघा दुखायचा आणि मला तो बघता यायचा, त्यामुळे माझं जाणं-येणं सुरू राहिलं. मी गुडघा बघायचे, काकू वरणभात वाढायच्या. त्यांची मुलगी सोफ्यावर पडून असायची. तिला ‘ताईला पाणी दे’ म्हटलं की ती ‘इन अ मिनिट’ म्हणायची आणि ते मिनिट कधी यायचं नाही.

‘म्हणजे आता तू नक्की करतेस काय?’ काकांनी एकदा विचारलं.

मी सांगितलं.

‘म्हणजे इंडियातून इथे मास्टर्स करायला येऊन मुलींचे पाय चेपतेस,’ ते हसत म्हणाले. ‘आणि ते सॉफ्टबॉल म्हणजे काय, सॉफ्ट बॉलनेच खेळतात ना?’

‘बॉल कडक असतो, काका.’

‘मग सॉफ्ट का म्हणतात?’ आणि पुढे अर्धा तास त्यांनी मला क्रिकेट हाच कसा बुद्धीचा खेळ आहे ते सांगितलं. काकांच्या पोटाकडे बघून ते आयुष्यात कधी धाव काढायला पळाले असतील असं वाटत नव्हतं.

जुलैमध्ये मालकाने मला ऑफिसात बोलावलं. त्याने पेपरात कुठेतरी वाचलं होतं की डब्लिनमध्ये भारतीय लोक खूप आहेत आणि त्यांची मोठमोठी घरं आहेत.

‘तुमचे लोक गाद्यांवर झोपतात ना?’ त्याने विचारलं. तो चेष्टा करत नव्हता. त्याला माहिती हवी होती.

‘झोपतात,’ मी म्हटलं.

‘गुड. मग आपण इंडिया डे करू. रविवारी दुपारी. तू त्यांना घेऊन ये. तुझ्याकडे तो ड्रेस असेलच, लांब. तू मानाचा पहिला चेंडू फेक.’

मी म्हटलं, मी ट्रेनर आहे, मॅचच्या वेळी मला काम असतं, आणि माझी कुणाशी ओळख नाही. पुढच्याच आठवड्यात त्याने मंडळाच्या वेबसाइटवरून काकांना गाठलं. काकांचा मला फोन आला. आवाज ओळखू येईना इतका उत्साह.

‘अगं, तू सांगायचं नाहीस का! प्रोफेशनल स्टेडियम, आपल्याला पंधरा मिनिटं देतायत. काकूंचा ग्रुप परफॉर्म करणार. तुझ्या बॉसने मला पर्सनली फोन केला. काय नाइस माणूस आहे!’

सॉफ्टबॉल आता सॉफ्ट राहिला नव्हता.

मी मालकाला गाठून सांगितलं, कार्यक्रम मॅचच्या आधी घ्या. मध्ये घेतलात तर पिचरचा हात गार पडेल आणि त्या खांद्याला ते परवडणार नाही. तो म्हणाला, मॅचच्या आधी लोक नाचायला येतील आणि नाचून घरी जातील, मध्ये घेतलं तर निदान तोवर बसून राहतील. यात तथ्य होतं हे मला मान्य करावं लागेल. ‘एकच गाणं, स्वीटी,’ तो म्हणाला आणि माझ्या खांद्यावर थोपटलं.

त्या रविवारी मंडळ खरंच आलं. सीझनमध्ये एवढी गर्दी मी पाहिली नव्हती. सलवारी, पैठण्या, कडक इस्त्रीचे झब्बे, आणि कडेवरच्या पोरांच्या हातात आइस्क्रीम. हॉट डॉगमध्ये बीफ आहे हे कळल्यावर एक गट गाडीतून पुऱ्यांचे डबे घेऊन आला. सुरुवातीला लोक उत्सुकतेने बघत होते. दुसऱ्या इनिंगपर्यंत पाठी वळल्या. कुणाच्या ग्रीन कार्डचं काय झालं, कुणी कुठे घर घेतलं, हे सगळं मैदानाकडे पाठ करून सुरू झालं. ‘यात रन्स कधी होतात?’ असं एका गृहस्थांनी मला मोठ्याने विचारलं. मी म्हटलं, आज न होवोत. ते माझ्याकडे बघतच राहिले.

कारण पिचर त्या दिवशी तिच्या आयुष्यातले सर्वांत चांगले चेंडू टाकत होती. चार इनिंग झाल्या आणि समोरच्या टीमला एकही हिट, म्हणजे ज्यावर पळून बेस गाठता येईल असा फटका, मारता आला नव्हता. पूर्ण सात इनिंग असं झालं तर त्याला नो-हिटर म्हणतात, आणि ते चालू असताना त्याबद्दल कुणी बोलायचं नसतं. डगआउटमध्ये सगळ्या गप्प. कुणी तिच्या शेजारी बसेना. मी जाकीट तिच्या हातावर टाकायचे आणि बाजूला व्हायचे. तिने एकदाही वर पाहिलं नाही. अकोल्याच्या त्या सराट्यांच्या मैदानापासून मी जे बघायला इथपर्यंत आले होते ते समोर चाललं होतं, आणि माझी माणसं पाठ करून पुऱ्या खात होती.

चौथी इनिंग संपली आणि कार्यक्रम सुरू झाला. आधी मालकाने माइकवर ‘नमस्ते’चा काहीतरी भयंकर उच्चार केला. मग काका बोलले. दोन महान संस्कृती, दोन महान खेळ. मग लेझीम आणि एक गाणं झालं. ठरल्याप्रमाणे इथे संपायचं होतं. दुसरं गाणं लागलं. समोरच्या टीमच्या कोचने अंपायरकडे जाऊन हात उडवले. अंपायरने मालकाकडे बोट दाखवलं. पिचर कुंपणापाशी जाऊन हात हलता ठेवायला हळूहळू चेंडू टाकत होती, पण तिथे अस्वलाचा पोशाखवाला पोरांना घेऊन आला आणि तिला थांबावं लागलं. ती जाकीट घालून उभी राहिली. दुसरं गाणं संपल्यावर मालकाने गादीची सोडत काढली. जिंकणारी बाई शेवटच्या रांगेतून खाली येईपर्यंत सगळे टाळ्या वाजवत थांबले. मग तिसरं गाणं लागलं.

पिचरने खांदा मागे नेला आणि चेहरा बारीकसा आवळला. मी ते पाहिलं. साउंडची व्यवस्था डगआउटच्या कडेलाच होती, एका टेबलावर. मी उठले, टेबलाखाली वाकले आणि वायर उपटली.

बायका एका पायावर थांबल्या. काकू मधोमध, हात वर, लेझीम हातात. काही क्षण मैदानावर नुसता वाऱ्याचा आवाज. मग मागून कुणीतरी मराठीत म्हणालं, ‘घ्या, इथेपण लोडशेडिंग!’ आणि सगळं मंडळ खदखदून हसलं.

काका मात्र हसले नाहीत. त्यांनी मला टेबलाखालून बाहेर येताना पाहिलं होतं. ‘हा काय उद्धटपणा आहे?’ ते माझ्या अंगावर आले. ‘काकू महिनाभर प्रॅक्टिस करतायत!’

‘ती वीस वर्षं करतेय,’ मी पिचरकडे हात करून म्हटलं.

पिचर परत गेली. पहिला चेंडू टाकला तेव्हाच मला कळलं. हात गोल फिरत होता पण वर येताना अडकत होता. दुसऱ्या बॅटरने हिट मारला, तिसरीने कुंपणापलीकडे. कोचबाईंनी तिला बाहेर काढलं. आम्ही हरलो. मंडळ तोपर्यंत पार्किंगला पोचलं होतं.

मालक मला ओरडेल, हाकलेल अशी माझी तयारी होती. तो खुशीत होता. सोडतीच्या निमित्ताने त्याच्याकडे डब्लिनचे ढीगभर पत्ते जमले होते. ‘पुढच्या वेळी गाणं पूर्ण होऊ दे,’ एवढंच तो म्हणाला.

‘ती नो-हिटर टाकत होती,’ मी म्हटलं.

‘कोण?’ त्याने विचारलं. आणि मग, ‘जिंकलो का आपण?’

टीमचा मालक. मॅच त्याच्या डोळ्यांसमोर झाली होती.

ड्रेसिंगरूममध्ये पिचर बाकावर बसली होती. मी तिच्या खांद्यावर बर्फ बांधत होते. माझ्या मनात, ती काहीतरी चांगलं बोलेल असं होतं.

‘वायर तू काढलीस?’ तिने विचारलं.

‘हो.’

‘मी सांगितलं होतं?’

‘तुझा खांदा गार पडत होता.’

‘दुसऱ्या गाण्यालाच गार पडला होता. तिसऱ्याने काही फरक पडणार नव्हता. त्या बायका कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये महिनाभर नाचल्या असतील. त्यांना असं मध्येच बंद करतात का?’

‘त्या मॅच बघतसुद्धा नव्हत्या.’

‘आल्या तर होत्या,’ ती म्हणाली. ‘इथे कोण येतं?’ मग, ‘मी गाऊन घालून गादी ढकलली तेव्हा तू वायर काढली नाहीस. तेव्हाही गाणं लागलं होतं. आज तुला तुझ्या लोकांची लाज वाटली.’

बर्फाच्या पिशवीतून पाणी गळत होतं, मी ती बदलली. तिचं बोलणं मला लागलं हे खरं. पण ते मला तेव्हा पटलं नाही आणि आजही पटत नाही. खांद्याचं तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. माझ्या लोकांचं नव्हतं. तिने फक्त नाचणाऱ्या बायका पाहिल्या होत्या.

त्या आठवड्यात माझ्या बरोबरच्या एका स्टुडंटने मला सांगितलं की मंडळात माझा विषय निघाला होता. काका म्हणाले होते, ‘त्या लोकांना कला-संस्कृतीची कदर नसते, आपणच लांब राहावं.’ ‘त्या लोकांना’ म्हणजे कुठल्या, हे सांगताना त्या मुलाने मान खाली घातली. एवढ्या वरणभातानंतर ते शेवटी स्वच्छ बाहेर आलं याचं मला जवळजवळ बरं वाटलं. मी डब्लिनला जाणं बंद केलं. काकूंचा मात्र फोन आला, काका घरी नसताना.

‘अगं, तो पाय सरळ उचलायचा व्यायाम, तो सकाळीच करायचा की संध्याकाळीपण?’

‘दोन्ही वेळा,’ मी म्हटलं.

‘बरं,’ काकू म्हणाल्या. मग, ‘तिसरं गाणं चांगलं बसलं होतं गं आमचं.’ आणि फोन ठेवला.

गुडघ्याशी माझं काही भांडण नव्हतं. काकूंशीही, त्या वाक्यापुरतं, नव्हतं.

पिचरला मी विश्रांती सांगितली होती. सीझनच्या शेवटच्या आठवड्यात मालकाला आठवलं की पोस्टरवर तिचा चेहरा आहे. माझ्या वरिष्ठाने फोनवरूनच ती फिट असल्याचं कळवून टाकलं. मी डगआउटच्या मागे जाऊन त्याच्यासमोर उभी राहिले. तो कुणालातरी तीन बेडरूमबद्दल सांगत होता.

‘तिचा खांदा तुम्ही शेवटचा कधी पाहिलात?’

त्याने फोनवर हात ठेवला. ‘ती तिशीची आहे. शेवटची मॅच आहे. तिला खेळू दे.’

‘हे मेडिकल मत आहे?’

‘हे प्रॅक्टिकल मत आहे,’ तो म्हणाला आणि पुन्हा बेडरूमकडे वळला.

मी पिचरला म्हटलं, तू खेळू नयेस. ती म्हणाली, मला माहीत आहे. मी म्हटलं, मग मी तुझा खांदा टेप करणार नाही. ती म्हणाली, ‘मग मी स्वतः करीन, आणि मला नीट जमत नाही.’

मी टेप केला. इतका काळजीपूर्वक मी आयुष्यात कुणाला केला नव्हता. ती आरशात बघत होती, मी तिच्या पाठीमागे होते. मग तिने जर्सी चढवली आणि टेप झाकला गेला.

शेवटच्या मॅचला आकाश भरून आलं होतं आणि प्रेक्षक विखुरलेले. तिने तीन इनिंग टाकल्या. वेग नव्हता, पण चेंडू जिथे जायला हवा तिथेच जात होता, आणि समोरच्या तरण्याताठ्या पोरी आपण का बाद होतोय ते न कळून परत जात होत्या. चौथ्या इनिंगला एक चेंडू टाकल्यावर तिने हात उंचावला आणि स्वतःच चालत बाहेर आली. माइकवर त्याच वेळी डबल बेडच्या गाद्यांवरची सवलत जाहीर होत होती. आमच्या सगळ्या खेळाडू डगआउटच्या पायरीवर उभ्या राहिल्या. समोरच्या टीमच्याही उभ्या राहिल्या. प्रेक्षकांतल्या काहींना वाटलं काहीतरी इजा झाली, त्यांनी सहानुभूतीच्या टाळ्या वाजवल्या. दातांचा डॉक्टर टाळ्या वाजवत नव्हता, तो आपल्या पोराचं नाक पुसत होता.

दुसऱ्या दिवशी ती गाडी घेऊन ओक्लाहोमाला निघून गेली. तिची शाळा सुरू होणार होती. जाताना तिने मला आठवण म्हणून जुना चेंडू वगैरे काही दिलं नाही. ‘तुझे हात चांगले आहेत,’ म्हणाली. ‘तोंड जरा सांभाळ.’

हिवाळ्यात मालकाने टीम बंद केली. खेळाडूंना ते टीमच्या वेबसाइटवरून कळलं. तिथे आधी टीमचा फोटो होता, एका सकाळी नुसती गादी होती. मला याचं आश्चर्य वाटलं नाही. त्याला हवे ते पत्ते मिळाले होते.

माझं मास्टर्स संपलं आणि मला कोलंबसमध्येच एका युनिव्हर्सिटी टीमबरोबर नोकरी लागली. त्याची बातमी काकांपर्यंत पोचली. त्या वर्षी एका मित्राच्या लग्नाच्या जेवणात ते मला भेटले आणि माझा दंड धरून चार लोकांसमोर घेऊन गेले. ‘ही आपली मुलगी,’ त्यांनी ओळख करून दिली. ‘अमेरिकन प्रोफेशनल स्पोर्ट्समध्ये आहे. आम्ही तिच्या स्टेडियमवर परफॉर्म केलंय.’ मी त्यांना म्हटलं, ‘काका, मी पाय चेपते,’ आणि ताट घेऊन दुसऱ्या टेबलावर जाऊन बसले. त्यांना ते विनोदी वाटलं. मागून त्यांच्या हसण्याचा आवाज येत राहिला.

पुढच्या वसंतात पिचरचा फोन आला. मी नंबर ओळखला नाही, आवाज ओळखला. खांद्याचं विचारलं तर म्हणाली, ऑपरेशन झालं, फळ्यावर वरपर्यंत लिहिता येतं, बाकी संपलं. हे तिने हवापाण्याबद्दल बोलावं तसं सांगितलं. फोन त्यासाठी केलाच नव्हता. तिच्या शाळेत एक मुलगी होती, तेरा वर्षांची, हात अफाट, पण चेंडू सोडताना कंबर आधीच वळवून टाकायची आणि सगळा भार खांद्यावर घ्यायची.

‘माझ्यासारखीच,’ ती म्हणाली. ‘हे आत्ता थांबवायचंय. काय करू?’

मी विचारलं, ती पाय कुठे टाकते. ती फोन खांद्याला लावून, बहुतेक स्वतःच्या स्वयंपाकघरात, पाऊल टाकून बघत होती. मला बुटांचा आवाज ऐकू येत होता. मीही उठून उभी राहिले आणि माझ्या खोलीत तेच पाऊल टाकून बघितलं. आम्ही बराच वेळ त्या मुलीच्या कमरेबद्दल बोललो.